चारही पुस्तकं एकदा एका टेबलावर ठेवा : पाठ्यपुस्तक समित्यांना खुलं पत्र

प्रति,
प्राथमिक इयत्तांची पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या सर्व विषय समित्यांचे सदस्य,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. एकाच खोलीत डावीकडे तिसरी बसते, उजवीकडे चौथी.

राज्यात नवा अभ्यासक्रम इयत्तेगणिक लागू होतो आहे. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली आणि पुढच्या इयत्तांची पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलणार, असं शासनाने जाहीर केलं आहे. प्राथमिकची पुस्तकं काही दरवर्षी बदलत नाहीत. एकदा हातात आली की कितीतरी तुकड्या त्याच पुस्तकांवर शिकून बाहेर पडतात. म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे.

माझं मागणं आधीच सांगून टाकते. एका इयत्तेची मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास ही चारही पुस्तकं छपाईला जाण्याआधी एकदा एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. जून ते एप्रिल, एकेक महिना घेऊन बघा, की त्या महिन्यात तिसरीतल्या मुलाच्या वाट्याला चारही पुस्तकांतून मिळून काय येतं. ते झालं की त्याच टेबलावर चौथीची पुस्तकं मांडा आणि दोन्ही इयत्ता एकाच खोलीत एकच बाई शिकवते आहे असं समजून पुन्हा बघा.

तुमच्या प्रत्येक समितीचं काम मी वर्गात रोज हाताळते, त्यामुळे त्यामागचे कष्ट दिसतात. गणिताच्या समितीने संख्यांचा क्रम विचार करून लावलेला असतो. भाषेच्या समितीने कविता कुठे आणि संवाद कुठे हे ठरवलेलं असतं. परिसर अभ्यासाचं पुस्तक घरापासून सुरू होऊन गाव, तालुका, जिल्हा असं बाहेर पडतं. प्रत्येक पुस्तक आपापल्या जागी नीट आहे. पण ही पुस्तकं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्याचा भार शेवटी आठ-नऊ वर्षांच्या मुलावर येतो.

एक उदाहरण देते. तिसरीत दिशा आणि नकाशा येतो. मुलांना तो फार आवडतो. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं, हात पसरायचे, उत्तर-दक्षिण ओळखायची, मग वर्गाचा नकाशा काढायचा. आम्ही वर्गाचा नकाशा काढायला बसलो. एका मुलीने फळा भिंतीएवढा काढला, दुसऱ्याने दार टेबलापेक्षा लहान काढलं. मी म्हटलं, मोजून काढा. आता मोजायचं कशाने आणि कसं? सेंटिमीटर-मीटरचा मापनाचा घटक तेव्हा गणितात अजून बराच पुढे होता. मुलांनी वितीने मोजलं, पावलांनी मोजलं, आणि प्रत्येकाचा वर्ग वेगळ्या लांबीचा निघाला. खरं तर मापन शिकवायची याहून चांगली वेळ नाही. सगळ्यांची पावलं सारखी नसतात, म्हणून सगळ्यांचं मिळून एक माप लागतं, हे मूल त्या क्षणी स्वतः होऊन मागत असतं. काही महिन्यांनी गणिताच्या तासाला पट्टी हातात येते तेव्हा ते मागणं विरून गेलेलं असतं, आणि वहीतल्या रेघा मोजून उत्तर लिहिणं एवढंच उरतं.

मी काय केलं असेल हे तुम्ही ओळखलं असेल. मापनाचा घटक अलीकडे ओढला. अनेक शिक्षक असं करतात. पण नियोजनाच्या वहीत, तपासणीत आणि चाचणीच्या अभ्यासक्रमात घटकांचा क्रम ठरलेला असतो. जो शिक्षक मुलाच्या सोयीने घटक पुढेमागे करतो, त्याला दरवेळी खुलासा द्यावा लागतो. तो जोडलेला क्रम पुस्तकांनीच दिला, तर खुलाशाची वेळ येणार नाही.

दुसरं उदाहरण संख्यावाचनाचं आहे, आणि ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असं वाचन दिलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका शांतपणे मांडली होती. मराठीत आपण एकक आधी बोलतो, पण लिहिताना दशक आधी लिहितो. त्यामुळे त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारं मूल पहिली-दुसरीच्या प्रत्येक वर्गात सापडतं. मला ती सोय पटली होती आणि आजही पटते. पण त्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणी फारशी बोललं नाही. त्याच मुलाच्या दप्तरात इंग्रजीचं पुस्तक असतं आणि तिथे ते ‘सिक्स्टी थ्री’ म्हणतं, म्हणजे दशक आधीच बोलतं. गणिताच्या आणि इंग्रजीच्या समितीने मिळून एक आठवडा आखला असता, तर इंग्रजीतलं संख्यावाचन गणिताला हात देऊ शकलं असतं. आज ते दोन्हीकडे वेगवेगळं पाठ होतं, आणि मुलाचा गोंधळ दुप्पट होतो.

आता जरा सविस्तर एक गोष्ट सांगते, कारण माझं म्हणणं तिच्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. गोष्ट पावसाची आहे.

आमचा तालुका पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा, आणि बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परतीचा. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. तिसरीच्या मुलांना हे दोन आकडे वाचून दाखवले तर ती मान डोलावतात. पाचशे म्हणजे किती आणि पाच हजार म्हणजे किती, हे त्यांना अंकांत कळतं, पाण्यात कळत नाही.

म्हणून आम्ही पर्जन्यमापक केला. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली वरून कापली, वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा आत बसवला. अशा बाटलीचा तळ वळणदार असतो, म्हणून तळाशी खडे टाकले आणि जिथपासून बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरून शून्याची खूण केली. तिथून वर कागदी पट्टी चिकटवली, वरून पारदर्शक टेप. मैदानात, झाडापासून लांब, विटांच्या आधाराने ती उभी केली. रोज परिपाठानंतर दोन मुलांनी वाचन घ्यायचं आणि तारखेपुढे वहीत लिहायचं. उन्हाने शून्याच्या खुणेखाली पाणी गेलं असेल तर पुन्हा खुणेपर्यंत भरायचं, हा नियमही मुलांनीच पुढे काढला.

जून, जुलै, ऑगस्टमध्ये वहीत शून्य, शून्य, दोन, शून्य असंच चाललं. पाण्याचे पाठ तोवर पुस्तकात शिकवून झाले. सप्टेंबरमध्ये एका रात्री चांगला पाऊस झाला आणि सकाळी पट्टीवर १८ मिलिमीटर दिसले. मुलं नाचली. मग चौथीतल्या एका मुलाने विचारलं, “बाई, अठरा मिलिमीटर म्हणजे किती हंडे?”

पुढचे तीन दिवस आम्ही वेळापत्रक बाजूला ठेवलं. एका जुन्या कूलरचा पत्र्याचा ट्रे आणला, आतून ५० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद. ओट्यावर तो सपाट ठेवून त्यात मोजून एक लिटर पाणी ओतलं आणि पट्टी बुडवली. चार मिलिमीटर. मग खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखला आणि ट्रे फिरवून बघितला. चौकोनात असे बरोबर चार ट्रे बसतात. म्हणजे चार ट्रेमध्ये मिळून चार लिटर ओतलं तर सगळीकडे चार मिलिमीटर पाणी चढेल. तर मग एक मिलिमीटरला? तिसरीतली एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, तिने सांगितलं, “एक लिटर.”

शाळेचा स्लॅब मुलांनी टेपने मोजला. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद. एका ओळीत १२ चौकोन, अशा ६ ओळी, ७२ चौकोन. एका मिलिमीटरला ७२ लिटर. अठरा मिलिमीटरला किती, हे तिसरीने बाहत्तर अठरा वेळा मिळवून काढायला घेतलं, चौथीने गुणाकार मांडला. उत्तर १,२९६ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर ८६ हंडे भरून वर थोडं उरतं. ज्या मुलांच्या आया उन्हाळ्यात टँकरपुढे हंड्यांची रांग लावतात, त्या मुलांना ८६ हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. मग चौथीने वर्षाचा हिशोब केला. पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तर एकट्या शाळेच्या स्लॅबवर ३६,००० लिटर पाणी पडतं, म्हणजे १२,००० लिटरचे तीन टँकर. तोच स्लॅब महाबळेश्वरला असता तर तीस टँकर. आणि ते सगळं पाणी आमच्याकडे एका पाइपातून मैदानात सोडलेलं, तिथून वाहून रस्त्यावर.

शेवटी मुलांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. मराठीच्या तासाला पत्राचा मायना शिकवताना जी मुलं कंटाळतात, त्यांनी ‘विषय’ या शब्दापुढे काय लिहायचं यावर अर्धा तास वाद घातला. महिन्याचा पाऊस स्तंभांनी काढून अर्जाला जोडला. सरपंचांनी येऊन वही बघितली. छपराच्या पाण्यासाठी टाकी आणि गाळणीचा खड्डा करायचं ग्रामसभेत ठरलं आहे. अजून झालेलं नाही, पण विषय मुलांच्या डोक्यातून जाणार नाही एवढं नक्की.

या तीन दिवसांत मुलांनी चारपैकी तीन विषय शिकले आणि मी एकदाही घंटेप्रमाणे विषय बदलला नाही. चौथा विषय, इंग्रजी, बाहेर राहिला, कारण त्या महिन्यात इंग्रजीत जे चाललं होतं त्याचा पावसाशी, पाण्याशी, मोजण्याशी संबंध नव्हता. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलं गाणी छान म्हणतात. पण इंग्रजीतून एखादी खरी गोष्ट विचारायची किंवा सांगायची गरज त्यांना पडत नाही. ‘आज किती पाऊस पडला’, ‘बाटलीत किती पाणी आहे’ ही वाक्यं त्या आठवड्यात इंग्रजीत आली असती, तर ती न घोकता राहिली असती. जी गोष्ट मुलाला आपल्या भाषेत कळलेली आहे, तीच परक्या भाषेत बोलायला दिली तर भाषा लवकर येते. गोष्टही नवी आणि भाषाही नवी, हे आठ वर्षांच्या मुलाला जड जातं.

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्यावरून केवढं वादळ झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला, जूनमध्ये बदलला, २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. त्या वादात मी इथे पडत नाही. पण पहिलीच्या मुलाने काय शिकावं यावर राज्यभर इतके लोक बोलत असताना, त्या मुलाचा दिवस किती तासांचा असतो आणि त्यात आधीच काय काय आहे, हे कुणीतरी मांडायला हवं होतं. चार पुस्तकं एका टेबलावर ठेवलेली असती तर ते आपोआप दिसलं असतं.

आता खोलीतल्या दोन इयत्तांबद्दल, कारण माझ्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. म्हणजे वाड्यावस्त्यांवरच्या, डोंगरातल्या, पटसंख्या कमी असलेल्या असंख्य शाळा कायद्यानेच दोन शिक्षकी आहेत. तिथे प्रत्येक शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता असणारच. ही काही तात्पुरती अडचण नाही की पुढच्या भरतीत सुटेल. तरीही आपली सगळी पुस्तकं एक वर्ग, एक शिक्षक, पूर्ण तास असं गृहीत धरून लिहिली जातात.

माझ्या खोलीत काय होतं ते सांगते. तिसरीला परिसर अभ्यासात पाणी चालू असतं, तेव्हा चौथीला वेगळाच घटक असतो. तिसरीला समजावून झालं की त्यांना लिहायला द्यायचं आणि चौथीकडे वळायचं. चौथीला समजावत असताना तिसरीचे कान इकडेच असतात, कारण मूल ते मूलच. निम्मा वेळ त्यांचं लिखाण थांबलेलं असतं. याउलट दोन्हीकडे एकाच सुमारास पाणी असेल, तर तिसरीने पाणी कुठून येतं ते शोधावं, चौथीने ते किती येतं आणि कुठे जातं ते मोजावं. सुरुवातीची पंधरा मिनिटं सगळ्यांची एकत्र, मग कामं वेगळी. मोठी मुलं लहानांना सांगतात, आणि सांगताना त्यांचं स्वतःचं पक्कं होतं. आम्ही पावसाच्या तीन दिवसांत हेच केलं. त्यासाठी मला चौथीचा एक घटक पुढे ढकलावा लागला आणि तिसरीचा एक मागे आणावा लागला, एवढंच.

गणितात हे आणखी सोपं आहे. तिसरीला अर्धा, पाव, पाऊण असतं, चौथीला त्याच्या पुढचे अपूर्णांक. बाजारात पाव किलो वांगी, अर्धा किलो कांदे, अडीचशे ग्रॅम शेंगदाणे हे मुलं स्वतः आणतात. वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे अजून तोंडपाठ आहेत. एका आजोबांना मी वर्गात बोलावलं होतं. त्यांनी दिडकी म्हणून दाखवली, चौथीच्या मुलांनी ती फळ्यावर अपूर्णांकांत लिहून काढली आणि तिसरीची पोरं चकित होऊन बघत बसली. तिसरी-चौथीचे अपूर्णांक पुस्तकांत एकाच महिन्यात आले, तर असे तास ठरवून घेता येतील.

हे सगळं मी नव्याने सांगते आहे असा माझा अजिबात दावा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा एका उद्योगाभोवती सगळे विषय गुंफायची समवाय पद्धत आपल्याच भूमीवर सुरू झाली. बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात लीलाताई पाटील यांनी १९८५ पासून मुलांच्या प्रत्यक्ष अनुभवावर अभ्यास उभा करून दाखवला. आमच्याच जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या भरभरून येत होते. सुटे, दशक, खडे, काड्या, एकमेकांना शिकवणारी मुलं, हे सगळं तिथे होतं. २०१५ मध्ये शासनाचं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ अभियान आलं आणि त्यानंतर गावोगावच्या शाळांच्या फरश्या रंगल्या. फरशीवरची चौकटं सगळ्यांनी उचलली. त्यामागचा विचार, की मूल ज्या गोष्टीच्या मागे लागलंय तिथूनच विषय सुरू करावा, तो मात्र फार कमी ठिकाणी पोचला. माझ्या मते त्याचं एक कारण हेच, की हातातली पुस्तकं त्या विचाराने बांधलेली नव्हती. शिक्षकाने एकट्याने, पुस्तकाच्या क्रमाशी झगडत काही चांगलं करायचं आणि बदली झाली की ते बंद पडायचं, असं चालत आलं आहे.

चाचण्यांबद्दल थोडं बोलते. तिसरी-चौथीच्या पायाभूत आणि संकलित चाचण्या मराठी, गणित आणि इंग्रजीच्या होतात. गुण आम्ही ऑनलाइन भरतो. परिसर अभ्यास त्यात नाही. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाची लक्ष्यंही वाचन आणि संख्याज्ञानाची आहेत : तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत, ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात. ही लक्ष्यं योग्यच आहेत. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला पुढे काहीच येत नाही, हे मी रोज बघते. पण जे मोजलं जात नाही ते मागे पडतं. चाचणी जवळ आली की परिसर अभ्यासाचे तास गणिताच्या सरावाला जातात. आमची पावसाची वही कुठल्याच गुणपत्रकात बसत नाही, आणि मुलांच्या प्रगतीविषयीच्या वर्णनात्मक नोंदींच्या तयार पीडीएफ फिरत असतात तिथे ‘परिसराविषयी जागरूक आहे’ असं एक वाक्य सगळ्यांच्या नावापुढे पडतं. गणिताच्या चाचणीतली आकडेमोड त्याच वर्षीच्या परिसर अभ्यासातून उचलली, वाचनाचा उतारा पाण्यावरचा, आपल्या आहारावरचा घेतला, तर वेगळी चाचणी न वाढवता हा विषय जिवंत राहील. हे काम पुस्तकांच्या समित्यांचं नाही, हे मला कळतं. पण पुस्तकं जोडलेली असतील तर चाचणी काढणाऱ्यालाही ते सोपं जाईल.

तिसरीच्या जिल्हावार पुस्तकाबद्दल कळकळीने सांगते. परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं असणं ही आपल्या राज्याची फार मोठी कमाई आहे. ते टिकवाच. आमच्या मुलांना त्यात आपल्या तालुक्याचं नाव सापडतं तेव्हा ती पान एकमेकांना दाखवतात. माझी भर एवढीच, की त्यात प्रत्येक शाळेसाठी काही पानं मुलांनी भरायची ठेवा. आपल्या गावचा पाऊस, आपल्या गावच्या विहिरी, बाजाराचा वार, गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाने सांगितलेली गोष्ट. आणि पाण्याचे पाठ कधी घ्यायचे हे शाळेवर सोडा. कोकणात ते जुलैत घ्यावेत, आमच्याकडे सप्टेंबरच्या आधी त्यांना अर्थ नाही.

चौथीच्या परिसर अभ्यासातल्या शिवचरित्राला कुणी हात लावावा असं मला वाटत नाही. कितीही मरगळलेला वर्ग असू दे, प्रतापगडाचा पाठ निघाला की ताठ बसतो. पण त्या पुस्तकाला गणिताची आणि नकाशाची जोड मिळाली तर ते आणखी खोल जाईल. महाराजांचा जन्म १६३० चा, राज्याभिषेक १६७४ चा. “बाई, तेव्हा महाराज किती वर्षांचे?” हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि ती चार अंकी वजाबाकी मुलं गणिताच्या पुस्तकातल्या कुठल्याही वजाबाकीपेक्षा आवडीने करतात. इतिहासात १६७४ ‘सोळाशे चौऱ्याहत्तर’ असं वाचतात आणि गणितात ‘एक हजार सहाशे चौऱ्याहत्तर’, हे दोन्ही एकच आहे हे काही मुलांना तेव्हाच पहिल्यांदा उमगतं. आमच्या तालुक्यात महिमानगड आहे, वारूगड आहे. मुलं सहलीला जातात, वर चढतात, डबा खातात, उतरतात. किल्ला नेमका तिथेच का बांधला, तिथून कुठली वाट दिसते, वर पाणी कुठे साठवायचे, हे शोधायला लावणारी दोन पानं पुस्तकात असतील तर सहल हाच पाठ होईल. गडावरचं पाण्याचं टाकं बघितलेल्या मुलाला शाळेच्या छपराचं पाणी साठवायचं सुचणं अवघड नाही.

काही मुलं दिवाळीनंतर वर्गात नसतात. कुणी ऊसतोडीला आई-बापाबरोबर जातं, कुणी मेंढरांमागे. ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात तेव्हा पुस्तक चाळीस-पन्नास पानं पुढे गेलेलं असतं. अशा मुलांसाठीही विषय एकमेकांत गुंफलेले असणं सोयीचं आहे, कारण मोजणं, वाचणं, लिहिणं पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या निमित्ताने येत राहिलं तर सुटलेला धागा कुठेतरी पुन्हा हाताला लागतो. मेंढरांमागे हिंडलेल्या मुलाने पाण्याच्या जागा, वाटा, गवताचे प्रकार बघितलेले असतात. परिसर अभ्यासाच्या तासाला तो वर्गातला सगळ्यात जाणता असू शकतो, जर तास त्याला विचारणारा असेल तर.

माझ्या मागण्या पुन्हा कागदावर मांडायची गरज नाही, वर आल्याच आहेत. कामाच्या दृष्टीने दोन गोष्टी तेवढ्या सुचवते. एक, प्रत्येक इयत्तेसाठी चारही विषयांतला एकेक सदस्य घेऊन एक छोटा गट करा आणि त्यात दोन शिक्षकी शाळेत प्रत्यक्ष शिकवणारे किमान दोन शिक्षक घ्या. महिनावार आराखडा त्या गटाने बघितल्याशिवाय पुस्तक पुढे जाऊ नये. दोन, पुस्तक छापण्याआधी त्याचा एका सत्राचा मसुदा वेगवेगळ्या भागांतल्या, कोकणातल्या, माणदेशातल्या, मेळघाटातल्या, शहरातल्या काही शाळांना वापरून बघायला द्या. मुलं कुठे अडतात, कुठे दोन पुस्तकं एकमेकांच्या वाटेत येतात, हे वर्गात पंधरा दिवसांत कळतं.

आमची शाळा त्यासाठी तयार आहे. वरिष्ठांची परवानगी मिळाली तर मी आणि सर मिळून तिसरी-चौथीचा जोडलेला महिनावार आराखडा, आमच्या पावसाच्या वहीच्या प्रतींसह, तुमच्याकडे पाठवू शकतो. तो कच्चा आहे आणि एका तालुक्यापुरता आहे, पण दोन वर्षं वर्गात वापरलेला आहे. त्यात चुका दाखवल्यात तर आम्हाला आनंदच होईल.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका
माण तालुका, जिल्हा सातारा

ता. क. : पर्जन्यमापकाची बाटली दोनदा शेळीने पाडली. आता ती कुंपणाच्या आत आहे, आणि वाचन घ्यायची पाळी पुढच्या महिन्यापासून दुसरीच्या मुलांनाही हवी आहे. दुसरीच्या गणितात मिलिमीटर कधी आणता येईल, एवढं त्या समितीने जरूर बघावं.